ज्या घरचा वस्तरा

भोपाळात खोली शोधत हिंडणाऱ्या एकट्या मुलाला घरमालक काय काय विचारतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. लग्न झालंय का, अंडी खाता का, मित्र किती येतात. बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या त्या घराच्या मालकांनी यातलं काहीएक विचारलं नाही. त्यांनी मला व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून उभं केलं, बोटांची मागची बाजू माझ्या गालावरून खालून वर फिरवली आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, बाहेर ये! एकदम असली माल आलाय!"

काकू बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की या घरात आधी काहीतरी घडलेलं आहे, अशी माझी खात्रीच झाली.

"दाढी रोज बनवतो का?" काकांनी विचारलं.

"रोज. नाही केली तर संध्याकाळी क्लासमधली पोरं तब्येत विचारतात."

"खोली तुझी."

"अहो, आधी सांगा तरी त्याला," काकू म्हणाल्या.

सांगितलं ते असं. काका मूळचे ग्वाल्हेरचे. सिंचाई खात्यात जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे लोक देवळात नाहीतर सुनांच्या स्वयंपाकघरात लक्ष घालू लागले, तेव्हा हे गृहस्थ जुने वस्तरे गोळा करायला लागले. पणजोबांच्या काळी विलायतेहून आलेले, गंजून तांबडे झालेले, मूठ फुटलेले. ते घ्यायचे, गंज उतरवायचा, दगडावर धार आणायची, चामड्याच्या पट्ट्यावर ती धार शांत करायची आणि मग नवी मूठ चढवायची. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. पातं मिटलं की त्या दोघींच्या मध्ये जाऊन झोपतं. या पट्ट्या काका हाताने करत. यंत्र नाही, साचा नाही. करवत, कानस आणि जगाचं भान सोडून बसायची तयारी.

पण धार लागली की नाही, हे दाढी केल्याशिवाय कळत नाही. आणि काकांची स्वतःची दाढी मक्याच्या कणसाच्या केसांसारखी मऊ. "तिच्यावर वस्तरा काय पास होणार नि काय फेल होणार!" असं ते स्वतःच म्हणत. स्वतः ते साध्या प्लॅस्टिकच्या रेझरने दाढी करत आणि तो मोज्यांच्या खणात लपवून ठेवत. म्हणून भाडेकरू हवा तो राठ दाढीचा. भाडं कमी, बदल्यात चेहरा हजर. माझ्या आधीच्या भाडेकरूने फॅशन म्हणून दाढी राखली, तेव्हा काकांनी त्याला महिन्याची मुदत देऊन बाहेर काढलं होतं. "करार तोडला त्याने," ते गंभीरपणे म्हणाले.

मी नागपूरचा. महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला आलो होतो आणि स्वस्त खोलीसाठी गळासुद्धा द्यायला तयार होतो. तो अक्षरशः द्यावा लागला.

सकाळी आंघोळीआधी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचं. काका पातं स्पिरिटने पुसत, माझ्या गालांना साबणाचा फेस चोपडत आणि सुरू होत. हात मात्र लोण्यासारखा; मला त्यांनी कधी ओरखडासुद्धा काढला नाही. त्रास होता तो जिभेचा. दाढी करताना काकांना मतं सुचत. शेजारच्यांनी लावलेलं आंब्याचं झाड, हल्लीचं शिक्षण, नळाला येणारं पाणी, सगळ्यावर. आणि नेमकं पातं माझ्या गळ्यावर असताना विचारत, "पटतंय ना?" मान हलवायची सोय नाही, बोलायची तर नाहीच नाही. मी गप्प. "बघ, पटलं," म्हणून काका पुढच्या मुद्द्यावर. त्या खुर्चीत बसून मी अशा अनेक गोष्टींना मान्यता दिली आहे ज्यांना शुद्धीत असताना कधीच दिली नसती.

दाढीच्या आधीची एक चाचणी असे, ती हाताच्या केसांवर. धार बरोबर असेल तर पातं नुसतं टेकलं तरी केस सुटतात. काकांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत कायमचा गुळगुळीत. तो संपला की उजवा. तो संपला की जो येईल त्याचा. काका मोठ्या प्रेमाने हात हातात घेत, "काय, कसं काय?" म्हणत, आणि समोरचा "ठीक आहे" म्हणेपर्यंत त्याच्या मनगटावर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन मोकळा झालेला असे. दूधवाला, मीटर वाचायला येणारा, समोरच्या घरातले निवृत्त प्राचार्य, सगळ्यांना ते चौकोन होते. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात एकदा एका भाजीवालीने पिशवी घेताना माझा हात पाहिला आणि म्हणाली, "भैया, आप भी उसी गली के हो?"

पण काकांचं खरं वेड होतं मुठीचं. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी माझ्या माहितीत एकदाही मोडला नाही. ज्या घरचा वस्तरा, त्या घरचंच लाकूड. बाजारातली शिसवी नको, शिंग नको, हस्तिदंत तर नकोच. "गळ्याला लागणारी चीज आहे," ते म्हणत, "तिच्या हातात परक्याचं लाकूड कसं चालेल? ज्या घरात ती राहणार, त्या घराने तिला हात द्यायला पाहिजे."

याचा परिणाम असा की गिऱ्हाइकाने वस्तरा आणून दिला की काका त्याच्या घरी जात आणि फर्निचरला टिचक्या मारत हिंडत. एका मास्तरांच्या वस्तऱ्याला त्यांनी त्यांच्याच जुन्या रुळाची मूठ केली. मास्तरांचा मुलगा आता चाळिशी ओलांडलेला आहे, पण तो वस्तरा हातात घेतला की आपसूक ताठ बसतो. जुन्या शहरातल्या एका खानदानी गृहस्थांच्या घरी काका त्यांच्या कोरीव दरवाज्यापुढे इतका वेळ उभे राहिले की ते गृहस्थ हात जोडून खास भोपाळी थाटात म्हणाले, "खां, दरवाज़ा मत मांगना. दामाद इसी से आते हैं." शेवटी त्यांच्या तख्ताच्या एका पायाखालची पाचर मिळाली. पुढे ते रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "दाढ़ी तो सीधी बन रही है मियां, तख़्त टेढ़ा हो गया."

बाहेरगावचे हौशी लोक इंटरनेटवरून काकांपर्यंत पोचत आणि वस्तरा कुरिअरने पाठवत. त्यांना काकांचा निरोप जाई, "घरचं लाकूड पाठवा." मग कुणी पलंगाचा फोटो पाठवून कुठून कापू विचारी. कुणी झोपाळ्याची कडी पाठवी, ती लोखंडाची निघे. एकाने नारळाची करवंटी पाठवली. काकांनी ती परत पाठवली, सोबत निरोप, "घर कौलारू आहे का? कौलं नकोत, वासा पाठवा."

आणि स्वतःच्या घरात तर आनंदच होता. काकूंकडे पोळपाट संगमरवरी, लाटणं स्टीलचं. लाकडी होतं ते कधीच नात्यातल्याच कुणाच्या तरी दाढीला गेलेलं. "लग्नात मला चंदनी पेटी मिळाली होती," काकू एकदा म्हणाल्या, "ती कुठे आहे माहीत आहे? इंदूरला. एका डॉक्टरच्या बाथरूममध्ये." ते डॉक्टर काकूंचे सख्खे भाऊ, म्हणजे माहेरचं लाकूड माहेरीच गेलं; त्यामुळे नियम मोडला असंही म्हणता येत नव्हतं.

आता काका भोपाळात नाहीत. मुलीकडे बडोद्याला असतात, आणि तिथल्या फ्लॅटमध्ये कोणतं फर्निचर अजून शाबूत आहे हे मी फोनवर विचारत नाही. पण माझं लग्न त्यांच्या एका मुठीपायी मोडता मोडता राहिलं, ते मात्र सांगायला हवं.

केतकी आमच्याच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत असे. आमचं जमलेलं आहे हे सगळ्यात आधी काकांना कळलं, अर्थातच खुर्चीत. पातं हनुवटीखाली नेऊन त्यांनी सहज विचारलं, "मुलगी मराठी आहे ना?" मी दचकलो नाही, कारण दचकणं परवडणारं नव्हतं.

केतकीचे बाबा बँकेच्या नोकरीत पुण्याहून इकडे आले आणि कोलार रोडवर फ्लॅट घेऊन इथलेच झाले. आई-बाबांना मी पसंत होतो. पण त्या घरात शेवटचा शब्द आजींचा. आजी म्हणजे बाबांची आई. भोपाळात इतकी वर्षं काढूनही त्यांचं मराठी कडक इस्त्रीचं राहिलं होतं, आणि मी पहिल्याच भेटीत "चहा घेऊन राहिलो ना" म्हणालो तेव्हा त्यांनी आपला कप खाली ठेवला होता. हो नाही, नाही पण नाही, अशी आमची गाडी आजींपाशी येऊन थांबली होती.

अशात एका रविवारी बाबांनी मला कपाटातून एक वस्तरा काढून दाखवला. त्यांच्या वडिलांचा. पातं सुरेख, पण मुठीच्या चिरफळ्या झालेल्या. "लहानपणी मी रोज समोर बसून बघायचो," बाबा म्हणाले. सासऱ्याला खूश करायची अशी संधी कोण सोडेल? मी लगेच काकांचं नाव काढलं.

"कशाला उठवताय त्याला?" आजी आतून म्हणाल्या. "पडलाय तो पडू दे. जन्मभर ह्या वस्तऱ्यापायी माझी पूजा खोळंबली."

मग त्यांनी मला ते सगळं सांगितलं. आजोबांना उजेड लागे. उजेडाची खिडकी एकच, आणि ती देवघराच्या वाटेवर. रोज सकाळी ते तिथे पाणी, फेस, आरसा मांडून बसत आणि एकेका गालाला नमस्कार केल्यासारखी दाढी करत. ते सगळं ओलांडून सोवळ्यात पलीकडे जाता येत नसे. आजी फुलांची परडी घेऊन दारात उभ्या. लेकरं शाळेला गेली, ऊन वर आलं, देव पारोसेच. "एक दिवस," आजी म्हणाल्या, "आयुष्यात एक दिवस माझी पूजा आधी झाली नाही." हे सांगताना त्या चिडल्या होत्या, पण डोळे त्या पात्यावरच होते.

काका घर बघायला आले तेव्हा आजी भजनाला गेल्या होत्या. दिवाणखान्यात शिरताच काकांनी शोकेसला टिचकी मारली. "भुस्सा," ते म्हणाले. टीव्हीखालचं टेबल, "भुस्सा." पलंग, "भुस्सा, वरून कागद." बाबांचा चेहरा उतरत गेला. नवा फ्लॅट त्यांनी हौसेने सजवला होता, आणि हा माणूस खोली-खोलीत जाऊन त्यात दम नसल्याचं सांगत होता. शेवटी ते काकुळतीला येऊन म्हणाले, "तुम्हीच पाहा हो. पूर्ण घर पाहा. खरं लाकूड जे दिसेल ते तुमचं."

काका आत गेले. आम्ही चहा पीत बसलो. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले ते खिशावर हात ठेवून, आणि मुलगी पसंत पडल्यासारखा चेहरा करून. "मिळालं," एवढंच म्हणाले. मूठ पूर्ण होईपर्यंत लाकडाचं नाव सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत. बाल्कनीतली एखादी मोडकी खुंटी असेल, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी क्लासमध्ये केतकीचं तोंड चिमणीएवढं. "यार, घरात नुसता गोंधळ आहे. आजीचं खोड हरवलंय. पूजेचं, चंदनाचं. काल दुपारी धुऊन खिडकीत वाळत ठेवलं होतं, ते गायब. आजी सीरियसली नीट जेवत नाहीये."

मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "आपण नवीन आणू ना, चांगलं मोठं."

"ते तिच्या सासूबाईंचं होतं. उगाळून उगाळून अंगठ्याएवढं जाड उरलेलं. नवीन नको म्हणते."

मी हळहळलो. मला खरंच वाईट वाटलं, आणि चंदनाचं खोड चोरणाऱ्या त्या अज्ञात माणसाला मी मनातल्या मनात दोन शिव्याही दिल्या.

त्यानंतर एका सकाळी मी खाली उतरलो तो व्हरांडाभर वास. काका उन्हात बसून मूठ फडक्याने पुसत होते. फिकट पिवळ्या दोन पट्ट्या, पोटाशी किंचित फुगीर, टोकाला निमुळत्या, पितळी पिनांनी जोडलेल्या. पातं मिटलं की कुठे लाकूड संपलं नि कुठे पोलाद सुरू झालं हे बोटाला कळू नये. मी त्यांच्या किती तरी मुठी पाहिल्या होत्या, पण अशी झाली नव्हती. ते त्यांनाही माहीत होतं. ते माझ्याशी बोलत नव्हते, मुठीशीच बोलत होते.

वास चंदनाचा आहे हे मला आत्ता कुठे कळलं. "काका, हे कुठून आणलंत?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीतून. पूर्ण घरात एकच असली लकडी, बाकी सब भुस्सा."

"काका, ते देवाचं खोड आहे! आजी जेवत नाहीयेत!"

काकांनी मूठ जवळ ओढली. मग म्हणाले, "देवाचं असतं तर देवापाशी असतं. खिडकीत कोण ठेवतं? आणि गंधाला आजकाल खोड कुठे लागतं? आमच्याकडे डबीतलंच आहे."

"डबीतलं का आहे, तेही सांगा ना त्याला!" आतून काकू म्हणाल्या. "आपलं खोड कुठे गेलं ते सांगा!"

काका भित्रे नव्हते. त्याच संध्याकाळी कबुली द्यायला ते माझ्याबरोबर कोलार रोडला आले. वाटेत ते अगदी निर्धास्त होते. "मूठ बघितली की म्हातारी सगळं विसरेल," म्हणाले. खिशात त्यांनी एक डबीही घेतली होती, ती कशासाठी ते मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्यांना वाटेतच रिक्षातून उतरवलं असतं.

बाबांनी वस्तरा उघडला. त्यांनी मूठ नाकाशी नेली, गालाला लावली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला. वासाचा माग काढत आजी बाहेर आल्या. वस्तऱ्याकडे पाहिलं, मग खाली बसल्या.

"हे माझं खोड," त्या म्हणाल्या.

काकांनी मग खिशातली डबी काढून आजींपुढे धरली. "आजी, वाया काहीच नाही घालवलं. हा कापताना पडलेला भुस्सा. पाण्यात कालवला की गंध तयार. तुमची तर उगाळायची मेहनतपण वाचली."

मी डोळे मिटून घेतले. केतकीने माझा हात सोडला.

आजी ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्या स्वच्छ, कडक पुणेरीत म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचे हात त्याला लागलेत. देवांशिवाय ते कुणाच्या कपाळी गेलं नाही. त्याची तुम्ही ह्या वस्तऱ्याला मूठ केलीत. ह्यालाच! दुसरा वस्तरा मिळाला नाही तुम्हाला?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि ह्यांना घरात तू आणलंस. माझं खोड परत आण. लग्नाचं मग बघू."

घरी परतल्यावर मी काकांना म्हटलं, "उद्या तिथे जाऊन मूठ उघडा. पट्ट्या परत देऊन टाकू."

"पिन एकदा ठोकली की ठोकली," काका म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. पिना काढायच्या तर त्यांची डोकी कानशीने घासून काढावी लागतात, आणि इतक्या नाजूक मुठीला तेवढ्याने तडा जाऊ शकतो. शिवाय काढून द्यायच्या त्या कशाला, तर दगडावर उगाळायला. "आयुष्यात एक काम मनासारखं झालं," ते म्हणाले. "नकाशे काढले त्यांतले अर्धे कालवे झालेच नाहीत. ही एक गोष्ट पूर्ण झाली, भई. ती मी माझ्या हाताने तोडू?"

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं म्हणणं कळलं म्हणून आणखीच आला. मी म्हटलं, "मग मी दाढी वाढवतो." आणि खरंच वाढवली. सकाळी व्हरांड्यातून त्यांच्या समोरून जायचो, खुर्चीकडे न बघता. काका रोज माझ्या गालांकडे बघत आणि रोज थोडे खचत. त्या घरात जेवणखाण, गप्पा, सगळं चालू होतं. फक्त आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

शेवटी काकूंनी काकांच्या पुढ्यात ताट ठेवता ठेवता विचारलं, "अशी मूठ पुन्हा होईल का तुमच्याने?"

"नाही होणार," काका म्हणाले.

"आणि त्याला तशी मुलगी?"

काका जेवायचे थांबले. मग उठले, हात धुतले आणि हत्यारांची पिशवी भरायला घेतली.

कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये आजींच्या पुढे ते जमिनीवर मांडी घालून बसले. बाबांच्या हातून वस्तरा घेतला. कानस काढली आणि पिनांची पितळी डोकी घासायला लागले. सगळं घर उभं राहून बघत होतं. काकांच्या कपाळावर घाम होता, पण हात हलला नाही. शेवटची पिन निघाली तेव्हा त्यांनी दोन्ही पट्ट्या शर्टाच्या टोकाने पुसल्या आणि आजींच्या सहाणेवर ठेवल्या. पातं उघडंच बाबांच्या हाती दिलं.

आजींनी एक पट्टी उचलून चष्म्याजवळ नेली. "रोगण लावलंत?"

"नाही. तेलपण नाही. चंदनाला आपण काय लावायचं?"

आजींनी सहाणेवर पाणी शिंपडलं आणि पट्टीचं टोक टेकवून फिरवलं. काकांनी मान दुसरीकडे केली. थोडं गंध आलं. आजींनी ते बोटावर घेतलं, हुंगलं. मग थांबून पट्टीची फुगीर बाजू अंगठ्याने चाचपली, एकदा, दोनदा. बाबा ते नागडं पातं धरून अवघडून उभे होते. ते मिटताही येत नव्हतं आणि ठेवताही. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि तसं पाहताना त्यांना आपला मुलगा दिसत होता की दुसरं कुणी, मला सांगता येणार नाही.

"ह्या काढता-घालता येतील अशा नाही का करता येत?" त्या म्हणाल्या. "सकाळी माझी पूजा. मग ह्याची दाढी."

मला काकांची धास्ती वाटली. मुठीला पिनेऐवजी स्क्रू लावणाऱ्यांना ते लोहारसुद्धा म्हणत नसत, प्लंबर म्हणत. त्यांनी आजींकडे पाहिलं, माझ्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं.

"येतील," काका म्हणाले. "बारीक स्क्रू लावून देतो."

"आणि हा मुलगा नेहमी असाच दाढी वाढवून हिंडतो?"

"नाही हो! रोज बनवतो. मी स्वतः बनवतो त्याची."

"मग हरकत नाही," आजी म्हणाल्या. अशा रीतीने माझं लग्न ठरलं.

लग्नानंतर मी पाहिलं की त्या घराचं सगळं वेळापत्रक बदललेलं होतं. सकाळी आजी वस्तऱ्याचे स्क्रू स्वतः काढत आणि पट्ट्या घेऊन स्वयंपाकघरात जात. दार लोटून घेत. आतून सहाणेचा खर्र खर्र आवाज येई. बाबा तोंडाला फेस लावून खिडकीपाशी ताटकळत. फेस वाळे, ते पुन्हा लावत. आजी सावकाश पूजा करत, सावकाश आरती म्हणत, कधी कधी विसरल्यासारखं करून एखादं स्तोत्र दुसऱ्यांदा म्हणत. मग पट्ट्या पुसून आणून देत. त्यांची तब्येत इतकी सुधारली की केतकीची आई म्हणाली, "खोड हरवलं ते बरंच झालं."

काका मात्र झुरत होते. आपली मूठ रोज दगडावर झिजते आहे, हा विचार त्यांना सोडत नव्हता. महिनाभराने ते माझ्याबरोबर फ्लॅटवर आले आणि दुरूनच बसले. वस्तरा बघायची हिंमत झाली नाही. पुढच्या खेपेलाही तसंच. मी त्यांना म्हटलं, एकदा बघून घ्या, मनाची तयारी होईल. तेव्हा एका सकाळी ते पूजा आटोपायच्या वेळेला आले. आजी पट्ट्या घेऊन बाहेर येत होत्या. काकांनी हात पुढे केला. आजी क्षणभर घुटमळल्या, पण दिल्या.

काकांनी पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. त्या दिवशी आजींनी पहिल्यांदा उगाळलं होतं तेवढाच चपटा ठिपका टोकावर होता, नखाएवढा. त्यापुढे एक तसूसुद्धा लाकूड गेलेलं नव्हतं. इतके दिवस रोज सकाळी त्या दाराआड खर्र खर्र चालली होती, आणि मूठ होती तशी होती. मी आत पाहिलं. दार आज अर्धवट उघडं राहिलं होतं. सहाणेशेजारी एक दुसरंच खोड पडलेलं होतं, बाजारातलं, ओलं.

आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांच्या इस्त्रीच्या मराठीतला एकही शब्द नव्हता. खिडकीपाशी बाबा फेस वाळलेल्या तोंडाने उभे होते. "झालं का, आई?" त्यांनी विचारलं.

लाकडाबद्दल काका कधी खोटं बोलत नसत. दुसऱ्याच्या घरी जाऊन भुस्स्याला भुस्सा म्हणणारा माणूस तो. त्यांनी पट्ट्या पुन्हा एकदा उजेडात धरल्या, मान हलवली आणि बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "पुष्कळच झिजली हो, आजी."

"झिजणारच," आजी म्हणाल्या. "रोजची पूजा आहे."